एक वीत बरोबर दोनशे अठ्ठावीस

आमच्या नत्थूजींना कॉम्प्युटरमध्ये भरायचं ठरलं तेव्हा मी पूर्ण शुद्धीवर होतो, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर पुष्कळ लोकांनी पुष्कळ तऱ्हेने विचारलं, म्हणून.

नत्थूजी म्हणजे आमच्या 'शामला कूलर्स'चे मुख्य कारागीर. हिंगणा एमआयडीसीत आमचं एक छोटं शेड आहे, सहा माणसं आहेत आणि वर्षातले तीन महिने मरणाचं काम आहे. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या हातमाग चालला, पण बाबांनीच मला त्यातून काढलं. म्हणाले, "चंद्रभान, बाया लुगडे नेसणं सोडतीन, पण नागपूरचं ऊन काही तपणं सोडत नाही. तू कूलर बनव." बाबांचं ऐकून माझं आजवर जे काही भलं झालं, ते एवढंच.

आता बाहेरच्यांना वाटतं, कूलर म्हणजे पत्र्याचा डबा, त्यात पंखा, बाजूला खसच्या ताट्या, खाली पाणी. बरोबर आहे. पण तो डबा खिडकीत बसला पाहिजे ना! नागपुरात दोन खिडक्या एका मापाच्या सापडल्या तर मला येऊन सांगा, मी चहा पाजतो. म्हणून गिऱ्हाईक आमच्याकडे येतं, माप सांगतं, नत्थूजी ऐकतात, पत्र्यावर खिळ्याने रेघा ओढतात आणि कापतात. कागद नाही, नकाशा नाही. बावीस वर्षांत आमचा एकही कूलर 'बसत नाही' म्हणून परत आलेला नाही.

आणि होळीच्या दुसऱ्या दिवशी हाच माणूस माझ्यासमोर उभा राहून म्हणतो, "भाऊ, हा उन्हाळा शेवटचा. मंग मी खाप्याले चाललो, गोपिकाकडं."

गोपिका म्हणजे त्यांची मुलगी. तिच्याकडे जाण्यात वाईट काहीच नाही, खापा गाव चांगलं आहे, कन्हान नदी आहे. पण प्रश्न गावाचा नव्हता. आमचा सगळा कारखाना त्या माणसाच्या डोक्यात होता आणि ते डोकं खाप्याच्या बसमध्ये बसून जाणार होतं. नत्थूजी गेले की पुढच्या उन्हाळ्यात शेडला कुलूप, हे मला स्वच्छ दिसत होतं. सहा घरांची चूल त्या शेडवर आहे, त्यातली एक माझी.

त्याच संध्याकाळी माझी भाची भूमिका घरी आली. ती इंजिनिअर आहे. मी रडगाणं गायलं, तिने शांतपणे पोहे संपवले आणि म्हणाली, "मामा, यात काय एवढं? याले कॉम्प्युटर इंटिग्रेटेड मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात. माझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट त्यावरच होता."

मी नाव तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा जमलं. मग अर्थ विचारला. ती म्हणाली, गिऱ्हाईक फोनवर माप सांगेल, ते कॉम्प्युटरमध्ये भरायचं, कॉम्प्युटर नकाशा काढेल, तोच नकाशा मशीनकडे जाईल, मशीन पत्रा कापेल आणि उरलेला पत्रा किती ते कॉम्प्युटरच लिहून ठेवेल. सगळं एका साखळीत.

"अन् माणूस?"

"माणूस बटण दाबते, मामा."

मला फार कुतूहल वाटलं. तसा मी जन्मापासून चौकस आहे. लहानपणी घड्याळ उघडून पाहिलं होतं, ते अजून उघडंच आहे. शामला, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, आधी घरचा मिक्सर दुरुस्त करा." तिचा या धंद्यावर जुना राग आहे. बायकोचं नाव कूलरला दिलं म्हणजे तिला कौतुक वाटेल असं मला वाटलं होतं. पण लोक फोन करून तिलाच विचारतात, "शामलाचा आवाज लय येऊन राहिला, काय करू?"

भूमिकाने कामाला हात घातला तो घड्याळ लावून. चार दिवस ती शेडच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली, मोबाइलवर चित्रण करत आणि मिनिटं लिहीत. पाचव्या दिवशी तिने मला रंगीत तक्ता दाखवला. त्यात एक मोठा लाल पट्टा होता.

"हे काय आहे वं?"

"नत्थूजींचा वाया गेलेला वेळ. रोज सत्तेचाळीस मिनिटं. गिऱ्हाईक आलं की हे त्याले बसवतात, खर्रा देतात, गप्पा मारतात. कोणी फोनवर माप सांगाले लागलं तर म्हणतात, 'इकडंच या ना, खर्रा खाऊन जा.' मामा, हे उत्पादन नाही, हा पाहुणचार आहे."

खर्रा म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेला आमच्या नागपूरचा जीव की प्राण. मी स्वतः खात नाही, त्यामुळे माझा राग नैतिक होता. दुसऱ्याच दिवशी शेडमध्ये पाटी लागली: 'येथे खर्रा खाणे व देणे बंद आहे.' नत्थूजींनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि डबी खिशात घातली. "गिऱ्हाइकाशी आता भूमिका बोलेल, तुम्ही फक्त जोडणीवर लक्ष ठेवा," असंही मी त्यांना सांगून टाकलं. ते "बरं" म्हणाले. नत्थूजींचं 'बरं' फार वाईट असतं.

मशीन आली. शेजारच्या शेडमध्ये धर्मेंद्र राहतो, म्हणजे दिवसभर राहतो, ग्रिल आणि गेट बनवतो. सल्ला देण्यात त्या माणसाचा हात धरणारा कोणी नाही. त्याने ट्रेलरवरच्या मशीनकडे पाहिलं, आमच्या दरवाजाकडे पाहिलं, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "भाऊ, टेन्शन काहून घेता? आरामशीर जाते." दरवाजा आठ फूट, मशीन साडेआठ. शटर काढलं, मग शटरची चौकट काढली, मग थोडी भिंत काढली. ती थोडी भिंत अजून लागायची आहे. तूर्त तिथून दोन कुत्री येतात-जातात आणि त्यांना कुठलंही माप सांगावं लागत नाही.

पूजा झाली, नारळ फुटला, शामलाने मशीनला लिंबू-मिरची बांधली. भूमिकाने बटण दाबलं. मशीन हलेना. पडद्यावर लाल अक्षरांत 'अडथळा' असं येऊन थांबलं. कंपनीच्या माणसाला फोन केला, तो दोन दिवस एकच सांगत राहिला, बंद करून चालू करा. धर्मेंद्रने वास्तुदोष काढला. भूमिकाने एकशे चाळीस पानांचं पुस्तक वाचून काढलं. तिसऱ्या दिवशी नत्थूजी पाण्याचा ग्लास घेऊन बाजूने जात होते, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "त्या काचेच्या डोळ्यासमोर लिंबू लटकून राहिलं नं." म्हणाले आणि निघून गेले. लिंबू काढलं, मशीन सुरू झाली. शामला म्हणाली, लिंबू काढलं तर बांधायचं कुठे? शेवटी ते माझ्या ऑफिसच्या दारात, बरोबर माझ्या डोक्याला लागेल अशा उंचीवर बांधण्यात आलं.

सरकारदरबारीही काही कमी गंमत झाली नाही. 'संगणकीकृत लघुउद्योग' म्हणून नोंद करायला आम्ही अर्ज भरायला बसलो, तर आमचा उद्योग आधीच नोंदलेला निघाला, आणि तो कूलरचा नव्हता. बाबांच्या काळापासून आम्ही कागदोपत्री 'हातमाग' होतो. बदलायचं तर आधी जुन्या नोंदीत सध्या किती माग चालू आहेत ते लिहायचं. मी शून्य लिहिलं, अर्ज पुढे सरकेना. तिथे एकापेक्षा कमी आकडा चालतच नव्हता. वैतागून एक लिहिला. आठ दिवसांनी तो एक माग पाहायला साहेब हजर!

मी घामाघूम. साहेब आत आले, आमच्या मशीनसमोर उभे राहिले. पत्रा पुढे जात होता, मागे येत होता, कापणारं तोंड डावीकडून उजवीकडे धावत होतं. साहेबांनी बराच वेळ पाहिलं.

"चालू स्थितीत आहे ना?"

"आहे साहेब."

त्यांनी वहीत लिहिलं: हातमाग, एक, चालू स्थितीत. सही केली, चहा घेतला आणि गेले. तेव्हापासून सरकारच्या लेखी मी पत्र्याची लुगडी विणतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. पडद्यावर एक चौकट होती: रुंदी, मिलिमीटरमध्ये. पहिलाच फोन वाडीहून आला. माणूस म्हणाला, "दोन वीत चार बोटं."

भूमिकाने विचारलं, "मिलिमीटरमध्ये किती?"

पलीकडून उत्तर आलं, "बाई, कूलर पाहिजे, रक्त नाही तपासाचं."

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. प्रत्येक घरात मोजायची टेप असते आणि ती कधीही सापडत नाही. वीत मात्र अंगालाच असते, हरवत नाही, शेजारी मागून नेत नाही. त्यामुळे आमचं गिऱ्हाईक खिडकीला अंगठा टेकवतं, करंगळी ताणतं आणि मोजतं. भूमिकाने वाद घातला नाही. हुशार पोरगी! तिने चौकटीशेजारी एक नवा पर्याय टाकला: 'वीत'. आता कॉम्प्युटरला फक्त एकदा सांगायचं होतं, की वीत म्हणजे किती.

"कोणाची घ्यायची मामा?"

हा काय प्रश्न झाला? नत्थूजींची! बावीस वर्षं त्यांनी वितीवर कूलर बनवले, एक चुकला नाही. मी त्यांना बोलावलं, टेबलावर कागद पसरला, त्यांनी आपला हा मोठा रापलेला पंजा ताणून ठेवला आणि भूमिकाने अंगठ्यापासून करंगळीपर्यंत मोजलं. दोनशे अठ्ठावीस मिलिमीटर. बरोबर दोनशे अठ्ठावीस. मला अगदी भरून आलं. परदेशात म्हणे कुठेतरी मीटरची मूळ पट्टी कडेकोट बंदोबस्तात जपून ठेवली होती. आमची मूळ वीत नत्थूजींच्या मनगटाला जोडलेली होती आणि तिच्या नखात चुना होता. नत्थूजी काहीतरी म्हणणार होते. पण मी एवढ्यात पेढे वाटायला घेतले होते.

आणि मग सावनेरची ऑर्डर आली. मुलींचं वसतिगृह, छत्तीस खोल्या, छत्तीस कूलर. मुलींची परीक्षा पंधरा एप्रिलपासून. तिथल्या अधीक्षिका तुळजाबाई फोनवर म्हणाल्या, "भाऊ, वरचा मजला आहे, पत्र्याचं छप्पर. दुपारी पोरी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन अभ्यास करून राहिल्या. बारा तारखेपर्यंत लावा बापा."

"खिडकीचं माप?"

"सगळ्या एकसारख्या. तीन वीत रुंद, साडेतीन वीत उंच."

छत्तीस खिडक्या, सगळ्या एकसारख्या! देवच पावला. मी मनात म्हटलं, ही ऑर्डर नत्थूजींच्या मदतीशिवाय पार पडली, की झालं. ते खुशाल खाप्याला जावोत, शेड चालू राहील. भूमिकाने तीन आणि साडेतीन हे आकडे भरले, कॉम्प्युटरने क्षणात नकाशा काढला. इतका देखणा नकाशा, की मी त्याचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला.

नत्थूजी मागून येऊन नकाशा पाहत होते. म्हणाले, "वसतिगृहाची खिडकी एवढी मोठी? हे तं दार झालं भाऊ."

"कॉम्प्युटरने काढलं आहे, नत्थूजी."

 त्यांनी हळूच विचारलं, "सावनेरच्या त्या बाईले पाह्यलं का कोणी?"

मी चपापलो. म्हटलं, "नत्थूजी, या वयात! अहो, आपल्याला खिडकीशी मतलब, बाईशी काय?"

त्यांचा चेहरा पडला. "बरं," ते म्हणाले. तेच ते वाईट 'बरं'. त्यानंतर त्यांनी त्या ऑर्डरबद्दल तोंडातून अक्षर काढलं नाही, आणि मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणूस कसा घसरतो पाहा!

भूमिका मात्र म्हणाली, "मामा, आधी एक कापू, बसवून पाहू, मंग बाकीचे." शहाणपणाची गोष्ट होती. पण नेमका त्या वेळी धर्मेंद्र दारात उभा होता, म्हणजे भिंतीच्या भोकात. म्हणाला, "एक-एकच कापाचं होतं तं मशीन कायले घेतली?" झालं. मी बटण दाबलं. दोन दिवसांत छत्तीस डबे तयार, एकाचा काठ दुसऱ्यापेक्षा केसभरही वेगळा नाही. चूकही इतकी एकसारखी असू शकते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

आठ एप्रिलला टेम्पो भरून सावनेरला पोहोचलो. ऊन चव्वेचाळीसच्या पुढे. मुली गॅलरीत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. पहिला कूलर उचलला, खिडकीला लावला आणि खिडकी दिसेनाशी झाली. कूलर चहूबाजूंनी बाहेर. रुंदीला सहा इंच जास्त, उंचीला सात. आम्ही तो तिरका केला, आडवा केला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन पाहिलं, जणू तिथली खिडकी माझी इज्जत राखायला मोठी झाली असेल. टाळ्या थांबल्या. एक मुलगी दुसरीला म्हणाली, "टॉवेल आण वं."

मी भूमिकाकडे पाहिलं, तिने हातातल्या मोबाइलवरचा नकाशा पाहिला, तो बरोबर होता. तुळजाबाई म्हणाल्या, "मी दोनदा मोजलं होतं हो भाऊ, तीनच वीत आहे." आणि त्यांनी मोजून दाखवलं. तीनच भरली. मीही मोजलं. माझ्या हाताने अडीच वितींच्या जरा वर भरली. मला काही केल्या उलगडेना. शेवटी मान खाली घालून मी नत्थूजींना फोन केला. काय झालं ते सांगितलं.  ते एवढंच म्हणाले, "येतो."

दोन तासांनी ते बसने आले. मला वाटलं आता खिडकी मोजतील. पण ते आधी तुळजाबाईंसमोर उभे राहिले आणि खिशातून पुडी काढली. "ताई, फुटाणे घ्या. लय ऊन आहे." बाईंनी हात पुढे केला. "पुरा उघडा हात, सांडते ना." त्यांनी पंजा उघडला, नत्थूजींनी फुटाणे ओतले, हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "सात इंच." मग टेप काढली, खिडकीला लावली. रुंदी एकवीस. सात त्रिक एकवीस.

मी मात्र बधिरासारखा उभा होतो. ते माझ्याकडे न पाहता भूमिकाला म्हणाले, "ताई, कूलर नका कापू. कूलर बाहीर स्टँडवर राहू द्या, मोठा आहे तं बराच आहे. समोरून एकवीसचा गळा लावू, पत्र्याचा. तेवढाच खिडकीत जाईन. तुमची ते मशीन छत्तीस गळे कवा कापते?"

भूमिकाने तिथेच पायरीवर बसून नकाशा काढला आणि शेडवर पाठवला. "काका, आज संध्याकाळी पाचपर्यंत."

"हाताने मले आठ दिवस लागले असते," नत्थूजी म्हणाले. त्यांनी मशीनची केलेली ही पहिली आणि शेवटची स्तुती. बारा तारखेच्या दुपारी छत्तिसावा कूलर सुरू झाला. डबे मोठे, पाणी जास्त, ताट्या रुंद. मुलींना आता थंडी वाजते म्हणून तुळजाबाईंचा फोन आला. मला त्याचं श्रेय घ्यायचा फार मोह झाला, आणि मी ते थोडंसं घेतलंही.

पण कुतूहल मला झोपू देईना. घरी भूमिकाला बसवलं आणि म्हटलं, ते तुझं चार दिवसांचं चित्रण लाव. तो लाल पट्टा, सत्तेचाळीस मिनिटं. पाहू लागलो. गिऱ्हाईक येतं. नत्थूजी बसवतात. "घ्या, खर्रा घ्या. हात पुरा उघडा की." गिऱ्हाईक पंजा उघडतं. नत्थूजी खर्रा ओततात आणि एक क्षण, फक्त एक क्षण, खाली पाहतात. मग माप विचारतात. बाई असली तर फुटाणे. पोलिस असला तरी खर्रा. अकरा गिऱ्हाइकं, अकरा पंजे.

भूमिका कपाळावर हात मारून म्हणाली, "मामा, आपण मोजमापच बंद केलं!"

आणि मला आठवलं, 'त्या बाईले पाह्यलं का कोणी?' मला इतकी लाज वाटली, की मी उठून पाणी प्यायलो आणि परत येऊन पुन्हा प्यायलो. त्या भल्या माणसाला मी काय बोललो होतो!

तरी आम्ही एक शेवटचा प्रयत्न करून पाहिला, म्हणजे अब्रूसाठी. फोनवर सगळ्यांना इंच विचारले. लोकांनी इंच सांगितले, पण डोळ्यांनी मोजून. एकाने पोराची फुटपट्टी लावली, तिचा पहिला इंच तुटलेला होता. आठवड्यात तीन कूलर परत आले. बावीस वर्षांत शून्य, आठवड्यात तीन. ते दारात उभे होते आणि येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्याविषयी विचारत होता.

तेव्हा मी पाटी काढली, लिंबू चुकवून बाहेर आलो आणि नत्थूजींसमोर जाऊन उभा राहिलो. ते पंख्याची पाती घासत होते. मी म्हटलं, "नत्थूजी, मी त्या दिवशी वाईट बोललो. चुकलो. आणि मला सांगा, हे तुम्ही कसं करता?"

त्यांनी पातं खाली ठेवलं. 

"बावीस वर्षं झाले भाऊ. आज पह्यल्यांदा विचारून राहिले तुम्ही."

 खरंच होतं. घड्याळापासून मशीनपर्यंत सगळ्यांच्या पोटात डोकावून पाहिलं, शेजारी उभ्या माणसाला एकदा विचारलं नाही.

"माणूस खिडकी नाही मोजत भाऊ, आपला हात मोजते," ते म्हणाले. "हात समजला का खिडकी आपोआप निघते. अन् नुसता हात नाही. डौलाचा माणूस करंगळी ताणून मोजते, त्याचं अर्धं बोट काढा लागते. भितरा माणूस आखडून मोजते, त्याचं वाढवा लागते. वकील असन तं पुन्हा विचारा लागते."

भूमिका वहीत भराभरा लिहीत होती. "काका, हे कॉम्प्युटरमध्ये कसं टाकू?"

"हात तुम्ही टाका ताई, मशीनले माप तुम्ही द्या. पण हात पाहाले माणूस लागन." ते माझ्याकडे वळले. "भाऊ, तुम्हीच शिका. मी जाईपर्यंत. सकाळी आठले या. अन् शिकाऊ माणसानं चहा स्वतः आणा लागते, इथं तसंच आहे."

मालक म्हणून माझा अपमान झाला की नाही, याचा विचार मी चहाच्या टपरीवर जाता-येता केला. परत आलो तर धर्मेंद्र, भूमिका आणि सगळी माणसं गोल करून उभी होती. नत्थूजी म्हणाले, "दुसऱ्याचा हात मंग पाहू. पह्यले आपला सांगा. वीत किती?"

यात काय आहे? पन्नास वर्षं हा हात माझ्याकडे आहे. जेवतो त्याने, सह्या करतो त्याने. मी पंजा समोर धरला, नीट निरखला आणि ठामपणे म्हणालो, "साडेनऊ इंच."

भूमिकाने टेप लावली. "पावणेआठ, मामा."

धर्मेंद्र हसायला लागला, तो थांबेचना. नत्थूजी हसले नाहीत. त्यांनी माझा हात आपल्या हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला आणि मोठा सुस्कारा सोडला. मग भूमिकाला म्हणाले, "ताई, गोपिकाले फोन लावा."

फोन लागला. ते जोरात बोलतात, सगळ्या शेडला ऐकू गेलं. "पोरी, यंदा नाही जमत माझ्यानं येणं. भाऊचं लय कच्चं आहे. नाही वं, पुढच्या उन्हाळ्यातही कठीणच दिसते. बुढा येते म्हणून खोली रिकामी नको ठेवू."

मी तोंड फिरवून भिंतीच्या भोकातून बाहेर पाहत राहिलो, डोळ्यांत धूळ गेली असं सांगून.

शामला अजून अधूनमधून विचारते, "अहो, खरं सांगा. नत्थूजी थांबावेत म्हणून मुद्दाम चुकीचं सांगितलं ना तुम्ही?" तेव्हा तिच्या आवाजात असं काही कौतुक असतं, जे कूलरला नाव दिल्यावरही आलं नव्हतं. मी नुसता हसतो आणि मान डोलावतो. तुम्हाला म्हणून सांगतो, तिला सांगू नका: मला तो हात साडेनऊचाच वाटला होता.